ऐकल्याबिगर गेरू न्हाई

मी आजही नव्या खुर्चीवर बसण्याआधी तिच्या पायावर बोटाच्या पेराने तीनदा वाजवतो. घरात सगळे हसतात. नातीने तर माझी नक्कलच बसवली आहे. आधी कमरेत वाकायचं, मग डोळे मिटायचे, मग तोंडाचा चंबू करून ‘हं’ म्हणायचं. करते छान. तिला एवढंच ठाऊक नाही, की ही नक्कल माझी नव्हेच. जोयड्याच्या जंगलातल्या एका लाकूड-डेपोवर एक मापारी होता, त्याची ही सवय. माझ्याकडे ती कशी आली, हे मी घरात कधी धड सांगितलेलं नाही.

त्यांना सगळे मामा म्हणत. कुणाचे मामा, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. आपलं नाव कागदावर आलं की मागोमाग काहीतरी वाईट येतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. महिन्याच्या कागदावर अंगठा उठवतानासुद्धा मान पलीकडे फिरवायचे. एकदा मी म्हटलं, “मामा, अंगठा चुकेल.” तर म्हणाले, “अंगठा चुकला तर परत उठवता येतोय. डोळ्यानं बगितलं तर बगितलंच न्हवं?”

आमचा डेपो सुप्याहून कुंभारवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होता. डेपो म्हणजे काय, झाडं काढून मोकळा केलेला एक उतार, वरच्या अंगाला पत्र्याची शेड, खालच्या अंगाला रस्ता. जंगलातून बैलगाड्यांनी ऐन, किंदळ, कधीमधी सागवान यायचं. मामा प्रत्येक ओंडक्याचा घेर आणि लांबी मोजून ओरडायचे आणि मी ते लिहून घ्यायचो. मग गडी तो ओंडका लोळवत नेऊन थप्पीला लावायचे. थप्प्या भरल्या की ट्रक येऊन माल लोंढ्याच्या स्टेशनवर न्यायचा. मी डेपोचा कारकून. तिकडे त्याला रायटर म्हणायचे. मूळचा खानापूरचा, नवीन लग्न झालेला, बायको-आईला गावी ठेवून पत्र्याखाली राहणारा. गोवा मोकळा झाल्यानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल.

मामा मोजायला लागले की पहिल्या ओंडक्याला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. धान्य मापणाऱ्यांची ही जुनी रीत. त्यांचे वडील भात मापायचे म्हणे. अंगात बटणं नसलेला काळा कोट, खाली गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पंचा आणि कमरेला खोचलेली एक लहानशी हातोडी. कोटाच्या आत सदरा कधीच नसे. त्या हातोडीने ते ओंडक्यावर तीन ठिकाणी ठोकत आणि कान लावून ऐकत. नुसत्या ओंडक्यावर नव्हे हं. जगात जे काही होतं त्या सगळ्यावर ठोकत. भोपळा, नारळ, पाण्याची घागर, ट्रकचा दरवाजा, शेडचा खांब. मी डेपोवर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर माझ्या ट्रंकेवर ठोकलं आणि म्हणाले, “निम्मीच भरलीया. घरला लौकर जायाचा बेत दिसतोय.” ट्रंक खरंच निम्मीच भरली होती. आणि बेतही तोच होता.

भित्रे तर इतके की सांगता सोय नाही. थप्पीच्या खालच्या अंगाने कधी चालायचे नाहीत, लांबून वळसा घालायचे. थप्पीकडे पाठ करून बसायचे नाहीत. दुपारची पेज उभ्याने प्यायचे. सुप्याला नदी ओलांडायची असली तर होडीत पाय ठेवण्याआधी तळाच्या फळीवर ठोकायचे, आणि नावाडी कावून म्हणायचा, “मामा, ही लाकडाचीच हाय, मेणाची न्हवं!” आम्ही सगळे हसायचो. नागू नावाचा एक गडी होता, कुंभारवाड्याकडच्या वाडीतला, अंगाने खांबासारखा आणि स्वभावाने बैलासारखा गरीब. तो तेवढा हसत नसे. का हसत नाही, असं त्याला विचारावं एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

आता गेरूचं सांगायला हवं. मामांच्या मोजण्याच्या जागी एका करवंटीत पाण्यात कालवलेला गेरू असायचा. ठोकून, ऐकून झालं की एखाद्या ओंडक्याच्या तोंडावर ते अंगठ्याने गेरूचा उभा पट्टा ओढायचे आणि तोच अंगठा कपाळाला लावायचे. दहांतल्या एखाद्या-दोघांनाच हा मान. बाकीचे तसेच पुढे जायचे. गडी गेरूचे ओंडके थप्पीच्या तळाला, उताराच्या कडेला लावायचे. बिनगेरूचे वर. तळाला गेरूचा ओंडका नसेल तर थप्पीला हात लावायचे नाहीत. मी एकदा विचारलं, “मामा, हे कसलं गंध?” ते म्हणाले, “लावलं की बरं वाटतंय.” झालं. मी मॅट्रिक पास झालेला माणूस. जंगलातल्या कुठल्या तरी देवाचं काही असेल, म्हणून मी सोडून दिलं. तेव्हाच आणखी दोन प्रश्न विचारले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

मग यंत्र आलं.

आमचे शेठ बेळगावचे. माणूस वाईट नव्हता, पण शहरात काही नवं दिसलं की ते आपल्याकडे असल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. त्यांनी कुठल्याशा गिरणीच्या कचेरीत आकडेमोडीचं यंत्र पाहिलं. आकड्यांची बटणं दाबायची, कडेचा दांडा फिरवायचा, की खटखट करत वरच्या खिडकीत उत्तर हजर. घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, हे सगळं मी तोवर कोष्टकाचं पुस्तक बघून करायचो आणि संध्याकाळपर्यंत मान मोडून जायची. शेठनी मला यंत्र शिकायला आठ दिवस बेळगावला बोलावलं. शिकवणं संपलं त्या दिवशी सहज म्हणावं तसं म्हणाले, “जमलं तर ठीक. नाहीतर ते चालवणारा एक मुलगा इथे तयार आहे. यंत्राबरोबर त्यालाच पाठवीन.”

ते वाक्य पुढे कित्येक महिने माझ्या डोक्यातून गेलं नाही.

यंत्र ट्रकमधून लाकडी खोक्यात, कापसात गुंडाळून आलं. गडी लांबूनच बघत उभे राहिले. मामा पुढे झाले आणि त्यांनी काय करावं? हातोडीच्या दांड्याने यंत्राच्या पाठीवर तीनदा वाजवलं. माझा जीव टांगणीला! मी ओरडलो. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, “दात लई हायत ह्येला. पोट न्हाई.”

पहिल्याच दिवशी शेठसमोर यंत्राची परीक्षा झाली. समोर ऐनाचा एक ओंडका होता, घेर सहा फूट, लांबी दहा. मी बटणं दाबून दांडा फिरवेपर्यंत मामा म्हणाले, “साडेबावीस घनफूट.” यंत्रात साडेबावीसच आले. शेठ खूश. मामा पुढे म्हणाले, “पर सोळाच धरा. आतनं गेल्यालं हाय त्ये.” शेठ हसले. म्हणाले, “मामा, यंत्र साडेबावीस म्हणतंय, तुम्हीही साडेबावीस म्हणताय. मग सोळा कोण म्हणतंय?”

“लाकूड म्हणतंय,” मामा म्हणाले.

गडी हसले, मीही हसलो. कागदावर मी साडेबावीस लिहिलं.

आणि खरं सांगायचं तर यंत्र उत्तम होतं. त्याची निंदा मी कधी करणार नाही. दिवसभराची आकडेमोड घटकेत उरकू लागली, चुका थांबल्या, लोंढ्याला कागद वेळेवर पोचू लागले. पण झालं काय, माझं काम वेगाने व्हायला लागल्यावर हळू कोण, हे सगळ्यांना दिसायला लागलं. हळू होते मामा. एकेका ओंडक्यापाशी तीन ठोके, मध्ये थांबणं, डोळे मिटणं, कधी पुन्हा पहिल्यापासून. मी शेडमध्ये दांड्यावर हात ठेवून पुढच्या आकड्याची वाट बघत बसायचो. बाहेर बैलगाड्यांची रांग लागायची. शेठनी दोन दिवस ते बघितलं आणि हुकूम सोडला, “टकटक बंद. यंत्राला घेर पाहिजे आणि लांबी पाहिजे. तेवढंच सांगायचं.”

मामा भांडले नाहीत. हातोडी कमरेला खोचली आणि म्हणाले, “मग गेरूबी न्हाई.”

“कशाला पाहिजे गेरू?” शेठ म्हणाले.

“मला न्हाई पायजे. तुमास्नी न्हाई. पर ऐकल्याबिगर गेरू न्हाई, येवढं ध्यानात ठेवा.”

शेठ गाडीत बसून बेळगावला गेले. नुसतं ध्यानात ठेवायचं काम माझ्यावर टाकून.

पुढचे काही दिवस मामांनी एक मधला मार्ग काढला. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन आदल्या दिवशीच्या ओंडक्यांवर चोरून ठोकायचे आणि जमतील तेवढ्यांना गेरू लावून ठेवायचे. दिवसा नुसता टेप धरायचे. गडी त्या गेरूवर कशाबशा थप्प्या लावायचे. मामांचे डोळे तांबारलेले असत, पेज तशीच राहायची. मी बघत होतो. त्यांचं बरं नाही हे मला दिसत होतं आणि मला काळजी होती ती लोंढ्याला शनिवारी लागणाऱ्या वॅगनींची. शेठचा निरोप आला होता, सगळ्या थप्प्या लावून माल तयार दिसला पाहिजे, नाहीतर शनिवारच्या ट्रकने तू आणि यंत्र दोघंही परत या.

बुधवारी मामांना हिवताप भरला. दात वाजत होते, तरी शेडच्या खांबाला धरून उभे. अणशीकडे त्यांची वाडी; तिकडे जाणाऱ्या गाडीत गड्यांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून निजवलं. जाताना मला म्हणाले, “मी येईस्तोवर थप्पी लावू नगंस, रायटर.” मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

गुरुवारी सकाळी शंभरेक पावलं लांब ओंडके नुसते पसरलेले, मागे आणखी गाड्या उभ्या आणि गडी झाडाखाली बसलेले. मी म्हटलं, “उठा की.” नागू म्हणाला, “गेरू न्हाई.” मी समजावलं, रागावलो, शेठचं नाव घेतलं. ते बसूनच. मला आईचं पत्र आठवत होतं, बायकोला दिवस गेल्याचं. यंत्र चालवणारा तो बेळगावचा मुलगाही दिसत होता. कधी न पाहिलेला, तरी स्पष्ट दिसत होता.

दुपारी गडी पेज प्यायला ओढ्यावर गेले. मामांची करवंटी जागच्या जागी होती. मी तिच्यात पाणी घातलं, बोट बुडवलं आणि ओंडक्यांच्या रांगेतून निघालो. साधारण आठवा ओंडका आला की गेरू लावायचा. बरे दिसणारे, जाडजूड निवडले. तेवढीच माझी अक्कल. वाटलं, यांना देवाचं बोट पाहिजे ना, हे घ्या देवाचं बोट. मामांचा अंगठा उभा ओढलेला असायचा हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी तर्जनीने गोल टिकले लावले. साडेबावीसवाला तो ऐनही तिथेच होता. इतका देखणा ओंडका! त्यालाही लावला.

गडी परत आले. नागूने एका टिकल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी कागदात तोंड घातलं. तो उठला, बाकीचे उठले आणि संध्याकाळपर्यंत दोन थप्प्या उभ्या राहिल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी आईला पत्र लिहायला घेतलं.

शुक्रवारी सकाळी तिसरी थप्पी वर चढत होती. मी यंत्रावर होतो. आधी एक आवाज आला, वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा, पण मोठा. मग थोडी शांतता. मग सगळा उतार हलल्यासारखा झाला. मी बाहेर आलो तेव्हा ओंडके रस्त्यापर्यंत लोळत गेले होते, बैल दावी तोडून पळत होते आणि नागू खाली पडलेला होता. डावा पाय गुडघ्याखाली अशा दिशेला वळला होता, जिकडे पाय वळत नाही. तो ओरडत नव्हता. डोळे उघडे होते. ओरडत मीच होतो, असं मला नंतर इतरांनी सांगितलं.

ट्रकमध्ये गवत टाकून त्याला लोंढ्याला आणि तिथून बेळगावच्या इस्पितळात नेलं. त्याची बायको वाडीवरून धावत आली, तोवर ट्रक गेला होता. ती शेडच्या पायरीवर बसून राहिली. कुणी सांगे पाय कापावा लागेल, कुणी सांगे तेवढ्यावर भागलं तर नशीब. तिने मला एकच विचारलं, “दादा, गेरू हुता न्हवं लाकडास्नी?”

मी म्हटलं, “होता.”

“मग कसं झालं?” ती म्हणाली. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो, ते बराच वेळ परत आलोच नाही.

मामा शनिवारी आले. ताप उतरला नव्हता, काठी टेकत आले. सरळ पडलेल्या थप्पीकडे गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, खालच्या अंगाने गेले. तळाचा ओंडका चेपून फुटला होता. आत माणूस हात घालील एवढी पोकळी, भुसा झालेला. तो साडेबावीसवाला ऐन. त्याच्या तोंडावर माझा गोल टिकला तसाच शाबूत होता. मामांनी तो बघितला. मग डोक्याचा पंचा काढला, थुंकी लावून टिकला पुसला. गडी यायच्या आधी सगळे टिकले पुसत त्यांनी त्या दोन्ही उभ्या थप्प्यांना फेरी घातली आणि गड्यांना सांगितलं, “ह्या उतरवा. सावकाश. वरनं.”

मला काही बोलले नाहीत. दिवसभर नाही, दुसऱ्या दिवशी नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. मी झोपायला जायचो आणि तो फांदी मोडल्याचा आवाज ऐकून उठून बसायचो. चौथ्या दिवशी मीच त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “मामा, तुम्ही पुसलंत का? सगळ्यांना कळू द्यायचं होतं.”

“कळलं आस्तं तर उद्यापास्नं गेरूवर कुणाचा इस्वास ऱ्हायला आस्ता?” ते म्हणाले. “थप्पीखाली हुबं कोण ऱ्हाणार मग? तू?”

ते जायला वळले, मग थांबले.

“पर नागूला तू सांगायचंस. तुज्या तोंडानं. त्येचा पाय ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे.”

पाय राहिला. वाकडा राहिला, पण राहिला. दोनेक महिन्यांनी नागू परत आला तेव्हा मी त्याला शेडमागे नेलं आणि सांगून टाकलं. सांगताना माझे नाक-डोळे वाहत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला ठावं हुतं.”

“काय ठाऊक होतं?”

“मामांचा गेरू हुबा आस्तोय. त्यो गोल हुता. तुमीच लावल्याला, दिसत हुतं की.”

“मग का उचललास रे बाबा?”

नागूने माझ्याकडे नवलाने बघितलं. “म्हटलं, मामांनी तुमास्नी शिकिवलं आसंल.”

त्यानंतर मला कुणी कितीही बोललं असतं तरी त्याहून जास्त लागलं नसतं.

शेठ आले, आरडाओरडा झाला, यंत्र परत न्यायची भाषा झाली. तेव्हा यंत्राची बाजू कुणी घेतली असेल? मामांनी. म्हणाले, “यंत्र ऱ्हाऊ द्या. गुणी हाय. रायटरचे दिसाचे दोन तास वाचिवतंय. त्यातला येक मला द्या, येक तुमी ठेवा. मी घेर-लांबी नुसती ह्येच्या हातात देतो, टेप ह्यो धरंल. माजं मी ठोकत बसतो.” शेठनी डोकं खाजवलं. पटलं की थकले, ठाऊक नाही, पण हो म्हणाले. आणि गंमत म्हणजे त्या वर्षी आमच्या डेपोवरून पूर्वी कधी गेला नव्हता एवढा माल गेला. शेठ बेळगावात सगळ्यांना यंत्राचं कौतुक सांगत फिरले. सांगोत बापडे.

माझी शिक्षा मात्र वेगळीच होती. रोज दुपारी मामा मला ओंडक्याला कान लावायला बसवायचे. ते ठोकणार, मी ऐकणार. “बोलतंय का?” ते विचारायचे. बोलणारं लाकूड बरं, गप्प लाकूड वाईट, एवढं मला तोंडपाठ होतं. पण कानाला काही म्हणजे काही फरक कळत नसे. सगळंच टक् वाजायचं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने “बोलतंय” किंवा “गप्प” म्हणायचो आणि बऱ्याचदा बरोबर यायचं. ते ‘हं’ म्हणायचे. असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही चाललं. गावी मुलगी झाली, चालायला लागली. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात थरथरायला लागला, आणि मला पुन्हा भीती वाटायला लागली. कारण गडी आता म्हणू लागले होते, मामा गेल्यावर रायटर हायतच की.

मामा काम सोडून वाडीला जायला निघाले त्या सकाळी गाडी जुंपून तयार होती. त्यांनी हातोडी कमरेची काढून माझ्या हातात दिली. मला राहवेना. म्हटलं, “मामा, मी तीन वर्षं खोटं बोलत आलोय. मला ऐकू येत नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघून सांगायचो. ही हातोडी मला देऊ नका.”

वाटलं, आता भडकतील. ते गाडीच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले, सवयीने त्यावर बोटाने वाजवलं.

“मला तरी कुटं सारकं कळतंय?” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“धांतली दोन लाकडं सपष्ट बोलत्यात. त्येंस्नी गेरू. दोन सपष्ट गप्प आस्त्यात. बाकीच्या साऱ्यांचं भ्या वाटतंय. भ्या वाटलं की गेरू न्हाई लावायचा, म्होरं जायाचं. हेच करत आलो जलमभर. तुमी हसत हुता त्ये काय खोटं न्हवतं. मी हायच भितरा.” मग गाडीत चढता चढता म्हणाले, “तुला भ्या वाटतंय न्हवं?”

“फार वाटतंय, मामा.”

“मग ठोक तू. त्या यंत्राला वाटत न्हाई. येवडं येक काम आपल्याला ऱ्हायलंय.”

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी उभा होतो. मग मागे वळलो. गाड्या रिकाम्या झाल्या होत्या, ओंडके पसरले होते, गडी उभे होते. उताराच्या खालच्या अंगाला, जिथे थप्पीचा तळ यायचा तिथे, वाकडा पाय पुढे टाकून नागू उभा होता. मी पहिल्या ओंडक्यापाशी वाकलो. ‘लाभ’ म्हणालो. तीनदा ठोकलं, कान लावला. पुन्हा ठोकलं. करवंटीत बुडवलेला अंगठा तसाच हवेत राहिला, गेरूचे थेंब धोतरावर पडले. एवढ्या माणसांसमोर मला लाज वाटत होती.

खालून नागू म्हणाला, “घाई न्हाई, रायटर. परत वाजवा. मी हितंच हुबा हाय.”